बंदी पुस्तकावर नको, पैसा अडवा

महोदय,

एखाद्या गुन्हेगाराने आत्मकथन किंवा चित्रपटाचे हक्क विकले की ‘असल्या पुस्तकांवर बंदी घाला’ अशी मागणी होते. संताप रास्तच आहे, पण त्या भरात केलेला कायदा न्यायालयात टिकत नाही. न्यूयॉर्कमध्ये नेमके हेच झाले.

डेव्हिड बर्कोविट्झ या खुन्याच्या हत्यासत्रानंतर, गुन्हेगाराने आपली कहाणी विकून कमाई करू नये म्हणून तिथे १९७७ साली कायदा झाला. प्रकाशकाने कराराची प्रत आणि गुन्हेगाराला द्यायची रक्कम पीडितांसाठीच्या सरकारी मंडळाकडे द्यायची. रक्कम पाच वर्षे राखून ठेवायची आणि त्या मुदतीत पीडिताने दिवाणी दावा लावून हुकूमनामा मिळवला तर त्यातून चुकती करायची. हेन्री हिल या गुंडाच्या पुस्तकावरून मंडळाने त्याला मिळालेले ९६,२५० डॉलर परत मागितले, शिवाय प्रकाशकाकडे राहिलेले २७,९५८ डॉलरही. प्रकाशक न्यायालयात गेला आणि १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ८-० अशा मताने कायदा रद्द केला.

पीडितांना भरपाई मिळवून देण्याचा हेतू न्यायालयाने योग्यच ठरवला होता. कायदा अडकला तो आखणीत. गुन्हेगाराची बाकीची मिळकत मोकळी आणि फक्त लिखाणाची कमाई गोठवलेली, याला आधार काय? उलट, पुस्तकात जुन्या गुन्ह्याचा ओझरता उल्लेख आला, लेखकाला कधी शिक्षा झालेली नसली, तरी तो कचाट्यात. कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांचे आत्मचरित्रही यात सापडले असते, हे निकालातच नोंदवले आहे.

२००१ च्या दुरुस्तीत न्यूयॉर्कने ही चूक सुधारली. पैसा पुस्तकाचा, वारशाचा की आणखी कशाचा, हे आता गौण आहे. ठरावीक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्याला १०,००० डॉलरहून अधिक रक्कम द्यायची असेल, तर देणाऱ्याने पीडितांसाठीच्या सरकारी कार्यालयाला लेखी कळवायचे. कार्यालय पीडितांना कळवते आणि पैसा पसार होऊ नये म्हणून न्यायालयाकडून तो रोखूनही धरू शकते. माहिती मिळाल्यापासून दाव्याला तीन वर्षे मिळतात, मूळ मुदत उलटून गेली असली तरी. कष्टाच्या कमाईला काही अटींवर सूट आहे, आणि ती हवीच. नाहीतर सुटून आलेला माणूस कामाला का लागेल?

असा कायदा करताना सगळ्यात आधी पाहावे ते कळवण्याचे कलम. पैसे देणाऱ्याने कळवलेच नाही, तर पीडिताला पत्ता लागेपर्यंत खाते रिकामे झालेले असते. म्हणून न कळवणाऱ्या प्रकाशकाला आणि निर्मात्याला जबर दंड हवा, आणि नातेवाइकाच्या किंवा एजंटाच्या नावे वळवलेली रक्कमही गुन्हेगाराचीच धरली जावी.

– एक वाचक