सातव्या दाराची कडी

दांडिया बाजार, बडोदे
दिवाळीनंतरचा पहिला रविवार

प्रिय ठमे,

तुझं पत्र मिळालं. लेकीला आर्ट थेरपीच (चित्रांतून मनावर उपचार) शिकायची आहे, तिचा बाबा कुरकुरतोय, म्हणून "तुझ्या दोन-तीन यशस्वी केसेस लिहून पाठव" म्हणालीस. अगं, यशस्वी केसेस मला धड आठवतच नाहीत. बरं वाटायला लागलं की माणूस यायचा थांबतो, रस्त्यात भेटला तर ओळख देत नाही, मीही देत नाही. आठवतात त्या वेगळ्याच. (नाव, गाव, वय सगळं इकडचं तिकडे केलंय हं. चित्रं ज्याची त्याची असतात, आपण ती मिरवायची नसतात, हे लेकीला आधी सांग.)

अगदी सुरुवातीला एक नऊ वर्षांचा मुलगा यायचा. घर काढायचा, आई-बाबा, आजी, कुत्रा. पण एकाही माणसाला हात नसायचे. मी नुकतीच शिकून आलेली. हात नाहीत म्हणजे मूल असहाय आहे, असं कुठंतरी वाचलेलं. ते मी त्याच्या आईला सांगितलंसुद्धा! त्या बाईला रात्रभर झोप लागली नाही. पुढच्या खेपेला मी त्यालाच विचारलं, तर म्हणाला, "हात जमत नाहीत मला. म्हणून सगळ्यांनी खिशात घातलेत." आजीच्या नऊवारीलाही त्यानं दोन खिसे काढले होते, मला ते दिसलेच नव्हते. चित्रावरून माणूस ओळखायची माझी हौस तिथं फिटली. आता मी एवढंच म्हणते, "मला सांग ना याच्याबद्दल."

मग रावपुऱ्यातल्या एक आजी. अर्धांगवायूनं उजवा हात गेला, वाचा गेली. तोंडून फक्त "हो ना" निघायचं, रागावल्या तरी "हो ना". ब्रश दिला की बाजूला सारायच्या. एकदा दिवाळीच्या तोंडावर मी रांगोळी चाळत बसले होते, तर त्यांनी डाव्या हाताची चिमूट पुढे केली. ठिपके टाकायला लागल्या, आणि मोजायलाही: एक, दोन, तीन... अकरापर्यंत, स्वच्छ. सून रडली, मीही रडले. वाचा-उपचार करणाऱ्या ताईंना चमत्कार सांगायला धावले, तर त्या हसल्या. म्हणाल्या, आकडे, आरत्या, शिव्या असलं पाठ असलेलं बऱ्याचदा शाबूत राहतं, ते काही नवल नाही. माझा चेहराच उतरला. पण आजींना त्याचं काय! त्या दर मंगळवारी अकरा ठिपके अकरा ओळी घालत राहिल्या, आणि एकदा ओळ वाकडी गेली तेव्हा अस्सल शिवीही हासडली. तेव्हापासून नव्या माणसाला मी आधी विचारते, हाताला सवय कशाची आहे? कणकेची, सुईची, रांगोळीची?

तिसरी लिहायची नव्हती. पण लेकीच्या कामाची तीच आहे.

तिशीतली एक गुजराती बाई. घरात काय चाललं होतं ते कधी बोलली नाही. सहा आठवडे एकच दार काढत होती, बंद, तेलखडूनं, कागद फाटेपर्यंत घासून. आणि माझा हात फाइन आर्ट्समध्ये घडलेला. १९५० पासून चित्रकार बेंद्र्यांनी जिथं शिकवलं, ती आमची इथली फाइन आर्ट्स! तिथं आम्ही एकमेकांच्या कागदावर बेधडक रेघा ओढायचो, कुणाला काही वाटायचं नाही. सातव्या आठवड्यात तिच्या दाराची चौकट कलली होती. मी खडू उचलला आणि एक रेघ सरळ करून दिली. वर कडीही काढली, छोटीशी. तिनं पाहिलं. "सरस थई गयुं, बेन," म्हणाली, खडू एकेक करून डबीत लावून ठेवले आणि गेली. परत आली नाही.

व्हिएन्नात जन्मलेल्या, १९३८ साली अमेरिकेत गेलेल्या आर्ट थेरपिस्ट एडिथ क्रेमर यांनी म्हटलंय की थेरपिस्टला 'तिसरा हात' हवा: मदत करणारा, पण समोरच्याच्या चित्रात आपलं काही न घुसडणारा. परीक्षेत मी त्यावर दोन पानं लिहिली होती! आणि प्रत्यक्षात? कागद फाटत असेल तर खाली पुठ्ठा सरकवायचा, बस. तिला पुठ्ठा हवा होता गं, कडी नव्हे.

आता माझ्यापुढे माझा वेगळा कागद असतो. हात शिवशिवला की त्याच्यावर.

तिच्या बाबाला सांग, हे काही कालचं खूळ नाही. एड्रियन हिल नावाचा इंग्रज चित्रकार क्षयानं सॅनेटोरियममध्ये पडला होता, वेळ जावा म्हणून चित्रं काढायचा, मग इतर रुग्णांनाही काढायला लावायला लागला. १९४२ मध्ये त्यानंच 'आर्ट थेरपी' हा शब्द आणला. पैशाचं मात्र त्याला खरं सांग. मी अजून आठवड्यातले तीन दिवस शाळेत चित्रकला शिकवते, तेव्हा घर चालतं.

परवा कपाट आवरताना तिची फाइल परत हातात आली. सात दारं, सातव्याला कडी. फाइलवरची धूळ पुसली आणि होती तिथं ठेवली. तिची आहेत ती. न्यायला आली तर?

उत्तरायणाला लेकीला घेऊन ये. उंधियू खाऊ, गच्चीवर पतंग बघू. आणि पुठ्ठे कापायचे पडलेत ढीगभर, तिची मदत होईल.

तुझी,
ठकी