शनिवारची ल्युसर्न ट्रिप, सगळ्यांनी वाचा

मंडळी, शनिवारी सकाळी पावणेआठला झ्युरिच मेन स्टेशनवर मोठ्या घड्याळाखाली भेटायचंय, उशीर नको प्लीज, गाडी कोणासाठी थांबत नाही. पाऊण-एक तासात ल्युसर्न, आणि स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच लेक.

आधी चॅपल ब्रिज. १४व्या शतकातला लाकडी पूल, १९९३ च्या ऑगस्टमध्ये आगीत बराचसा जळला आणि १९९४ मध्ये परत बांधून उघडला. चालताना मान वर करून छताखालची तिकोनी चित्रं नक्की बघा, काही अजून काळी पडलेली आहेत, ती बघून खरंच पोटात तुटतं.

मग म्युझेग तटबंदी. तिच्यावरच्या झीट टॉवरचं घड्याळ १५३५ चं आहे आणि गावातल्या बाकी घड्याळांच्या एक मिनिट आधी टोले द्यायचा मान त्याचा, म्हणून आपण बाराच्या आधी तिथे पोचायचंच. जिने लाकडी आणि अरुंद आहेत, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खालीच बसा, टोले तिथूनही ऐकू येतात.

जेवण घरून आणा, दशम्या-चटणी बेस्ट, बाहेर फार महाग पडतं. पाण्याची रिकामी बाटली मात्र हवीच, चौकातल्या कारंज्यांचं पाणी पिण्याचं असतं.

दुपारी सिंहाचं शिल्प, १७९२ मध्ये पॅरिसला मारल्या गेलेल्या स्विस सैनिकांचं स्मारक आहे ते, तिथे गोंगाट आणि सेल्फीची गडबड नको. नंतर बोट. जॅकेट विसरू नका, लेकवर वारा झोंबतो.

येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत नाव कळवा.