लाईट बिल कोणाचं स्वस्त पडतं, एकदा तुम्हीच छापा की

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्याचं लाईट बिल आलं, ३४२ युनिट, आकडा साडेतीन हजारांच्या पुढे. घरात एसी एकच, तोही सासूबाईंच्या खोलीत आणि तोही रात्रीचा, पण दीड टनाचा जुना एसी आहे, एका रात्रीत सात-आठ युनिट सहज खातो हे मी मीटरखाली उभं राहून दोन दिवस लिहून काढलंय. त्यामुळे युनिट वाढले यात कोणाला दोष नाही, बंद करा असं ऐंशी वर्षांच्या माणसाला मेच्या उकाड्यात मी तरी सांगणार नाही. मिस्टर बिल बघून एवढंच म्हणाले, "आपण कंपनी बदलूया का?" त्या एका वाक्यावरनं हे पत्र लिहितेय.

त्याच रविवारी आमच्याकडे आमरसाचं जेवण होतं. वन्सं दादरहून आल्या, माझा दादा मुलुंडहून आला, आणि जेवणं झाल्यावर विषय बिलावर गेला तसं मी म्हटलं काढा सगळ्यांनी आपापली बिलं मोबाईलवर. आम्ही गोरेगावला. म्हणजे एकाच शहरात तीन घरं आणि वीज देणारे तिघेही वेगळे, दादरला बेस्ट, मुलुंडला महावितरण, आमच्याकडे उपनगरवाली कंपनी, म्हणजे अदानी. शेजारच्या वहिनी वाटी परत द्यायला आल्या होत्या त्यांनी मागेच कंपनी बदलून टाटांची वीज घेतलेली, म्हणून त्यांचंही बिल मागवलं, झाली चार. आणि खरं सांगते, चार शिकलेली माणसं तासभर बसली पण कोणाची वीज स्वस्त हे काही कळलं नाही. कारण प्रत्येक बिलाची मांडणी वेगळी. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार (म्हणजे तारांचं भाडं), इंधन समायोजन आकार, कुठे नियामक मत्ता आकार (म्हणजे मागची थकलेली वसुली), आणि या सगळ्यावर सोळा टक्के वीज शुल्क. एकात जे वर आहे ते दुसऱ्यात मागच्या पानावर. दादाने शेवटी सरळ एकूण रकमेला युनिटने भागलं, पण तेही चुकीचं, कारण त्याचे युनिट १८० आणि माझे ३४२, मग स्लॅबच, म्हणजे युनिटप्रमाणे दराचा टप्पाच वेगळा, तुलना कसली करणार.

वन्संनी मात्र एक मुद्दा पकडला. "तुला निदान बदलता तरी येतं," म्हणाल्या. आणि ते बरोबर आहे. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत बेस्टचा इलाखा, आणि बेस्ट ही पालिकेची म्हणजे स्थानिक प्राधिकरणाची असल्यामुळे २००३च्या वीज कायद्यात तिला सूट आहे, तिच्या तारांवरनं दुसऱ्या कोणाची वीज घेता येत नाही. वन्संच्या बिलात तर काही वर्षं बसच्या तोट्याचाही अधिभार लागायचा, बसमध्ये चढा न चढा, दिवा लावला की तिकीट फाडलंच. मुलुंडला दादालाही घरगुती ग्राहक म्हणून दुसरं दार नाही. त्याच्याकडे २०२५ साली मार्चमध्ये दर कमी झाल्याचा आदेश आला, लगेच स्थगिती आली, मग जूनच्या अखेरीस सुधारित आदेश, तो म्हणतो पेढे आणायला निघालो होतो तो अर्ध्या रस्त्यातनं परत आलो.

आम्हा उपनगरवाल्यांचं वेगळं आहे. आमच्या बिल्डिंगमधला मीटर तोच आहे पण बिलावरचं नाव बघता बघता बदललं, आधी बीएसईएस, मग रिलायन्स, २०१८ पासून अदानी, आणि ती नावं बदलताना आम्हाला कोणी विचारलं नव्हतं (सासूबाई अजून बीएसईएसच म्हणतात, आम्ही दुरुस्त करणं सोडलंय). विचारायची वेळ आली ती दुसऱ्या बाजूने. टाटांची वीज मुंबईत शंभर वर्षांहून जुनी, खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५चं, पण घरोघरी लहान ग्राहकाला वीज विकायचा त्यांचा परवाना आहे की नाही यावर वाद होता. २००८च्या जुलैत सुप्रीम कोर्टाने आहे म्हणून सांगितलं, आणि २००९च्या ऑक्टोबरात महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने रस्ता मोकळा केला, की ग्राहकाने जुन्याच कंपनीच्या तारांवरनं नव्या कंपनीची वीज घ्यावी, तारांचं भाडं तेवढं तारवाल्याला मिळेल. देशात किती शहरांत घरगुती माणसाला हे करता येतं? आपल्याकडे येतं, आणि आपण पंधरा वर्षांनंतरही बिल्डिंगच्या जिन्यात उभं राहून एकमेकांना विचारतोय, "काय हो, बदलल्यावर फरक पडला का?"

बदलणं म्हणजे काय हेच पुष्कळांना माहीत नाही. मलाही नव्हतं. गेल्या पावसाळ्यात एका रात्री आमची अख्खी विंग अंधारात गेली, जिन्यात मोबाईलचे टॉर्च, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी वहिनींना चिडवायला सुरुवात केली की तुमची कंपनी वेगळी, तुमची लाईट आधी यायला पाहिजे. अर्ध्या-पाऊण तासाने केबल जोडायला माणसं आली, जोडली, आणि सगळ्यांची लाईट एकदमच आली. वहिनींची पण, आमची पण. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला (तोही लाईटबरोबरच) की तार एकच आहे, त्यांनी बदललाय तो फक्त विकणारा. काही ठिकाणी नव्या कंपनीने स्वतःची तार टाकलीय, तिथे मीटर-तारेसकट सगळं बदलतं, पण आमच्याकडे तसं नाही. म्हणून मग वहन आकार जुन्या तारवाल्याच्या हिशोबाने लागतो आणि वीज आकार नव्याच्या. आणि नुसता वीज आकार बघून "अरे वा स्वस्त" म्हणणारा माणूस इथेच फसतो.

त्यात क्रॉस सबसिडी नावाचं प्रकरण आहे. जास्त वीज जाळणाऱ्याकडनं जास्त दर घ्यायचा आणि त्यातनं शंभर युनिटवाल्याला स्वस्त द्यायची, कल्पना चांगली आहे, माझा विरोध नाही. पण २००९ नंतर जे धडाधड कंपनी बदलून गेले त्यात मोठी बिलंवाले पुष्कळ, मग जुन्या कंपनीकडे राहिलेल्या गरिबांचा भार कोण उचलणार, म्हणून २०११ मध्ये जाणाऱ्यांवर अधिभार बसला, मागची थकलेली वसुलीही त्यांच्या बिलात आली. म्हणजे घर बदललं तरी जुन्या वाण्याची उधारी पाठीमागे येतेच. हे सगळं आमच्या दारात फाईल घेऊन आलेल्या एका तरुण मुलाने मला सांगितलं नाही. कोणत्या कंपनीचा ते लिहीत नाही. त्याने चहा घेतला, "मॅडम बिल खूप कमी येईल" म्हणाला, मी विचारलं ३४२ युनिटला नक्की किती, तर म्हणाला ते सही झाल्यावर ऑफिसमधनं कळेल! मी म्हटलं बाबा, साडीच्या दुकानातसुद्धा किंमत बघून मग घडी मोडतात.

मग मी स्वतः एका कंपनीच्या काउंटरवर गेले. तिथला माणूस सज्जन होता, त्याच्या कंपनीचा दर छापील कागदावर दिला, पण दुसऱ्यांचा विचारल्यावर म्हणाला ते त्यांना विचारा. बरोबरच आहे त्याचं, तो का सांगेल. घरी येऊन दोन्हीकडचे दर समोर ठेवून वहीत मांडत बसले, दोन संध्याकाळी गेल्या. त्यात एक गैरसमज माझाच गेला तो सांगते, मला वाटायचं ३०० पार झालं की सगळेच युनिट महाग होतात. तसं नाही, पहिले शंभर पहिल्या दराने, ३०० पर्यंतचे दुसऱ्या, आणि वरचे ४२ तेवढे तिसऱ्या दराने. आमच्या बिल्डिंगमधल्या अर्ध्या लोकांना हे माहीत नाही, २९५ला आले की फ्रिज बंद करायला निघतात. आणि हिशोबात निघालं काय, तर मेमध्ये एक कंपनी थोडी परवडते आणि डिसेंबरमध्ये, जेव्हा आमचे युनिट दीडशेच्या आत असतात, दुसरी. बदलून आज फायदा, आणि वर्षाने नवा आदेश आला की परत उलटं. वहिनींना विचारलं तर म्हणाल्या पहिलं दीड वर्ष फरक दिसत होता, आता बघायचं सोडून दिलं.

म्हणून मला आयोगाकडे एकच मागणं आहे, आणि जनसुनावणीला हे लिहून देणारच आहे, की जिथे दोन कंपन्या आहेत तिथे प्रत्येक बिलावर खाली एक ओळ सक्तीने छापायला लावा, "याच महिन्यात एवढेच युनिट दुसरीकडे घेतले असते तर सर्व आकार धरून बिल इतके आले असते." दोघांचे दर आयोगच ठरवतो, युनिट कंपनीकडे आहेत, कॉम्प्युटर आहे, मला वही लागली त्यांना तीही लागणार नाही.

आणि ते होईल तेव्हा होईल, तोवर संपादक साहेब तुमच्याकडे मागणं आहे. दरवाढीची जाहीर सूचना तुमच्याच पेपरात येते, इतक्या बारीक अक्षरात की मिस्टरांचा चष्मा लावूनही मला वाचता येत नाही. सोन्याचा भाव तुम्ही रोज छापता, तो आम्ही वर्षातनं एकदा दसऱ्याला बघतो. नवे दर लागू झाले की, साधारण एप्रिलात, एक चौकट द्या, १०० युनिट, २०० युनिट, ३५० युनिट, ५०० युनिट, आणि समोर बेस्ट, महावितरण, टाटा, अदानी, सगळे आकार आणि शुल्क धरून हातात येणारी रक्कम. कंपनी बदललेल्यांचा एक रकाना वेगळा, तो विसरू नका. रविवारच्या अंकात दिलीत तर बरं, त्या दिवशी वन्संपण येतात. मी कापून फ्रिजवर लावीन, मेच्या बिलाच्या शेजारी.

आपली एक नियमित वाचक,
गोरेगाव (पूर्व), मुंबई