चर्चच्या हॉलची चावी आठवडाभर कुणाकडं असते?

मा. संपादक साहेब, सलाम.

मी मिरजेची, रिटायर नर्स, लहानपणापासून चर्चला जाणारी. आमच्या रविवारच्या उपासनेला वर्ष-दीड वर्ष झालं मागच्या बाकावर झारखंडची चार-पाच पोरं येऊन बसतात, कुपवाड एमआयडीसीत कामाला आहेत, मराठी गीतं येत नाहीत तरी सगळ्यांबरोबर उभी राहतात आणि आशीर्वाद झाला की गपचूप निघून जातात. कितीतरी महिने त्यांना कुणी नावसुद्धा विचारलं नाही, मीही नाही, आणि याची मला खरंच लाज वाटते.

नाताळात आपण ब्लँकेट वाटतो ते चांगलंच आहे, पण या लोकांची अडचण वेगळीच असते. त्यातल्या एकाची बायको जूनमध्ये पोरीला घेऊन इथं आली तर एका शाळेनं टीसी नाही म्हणून पोरीला दोनदा परत पाठवलं. मग मी सोबत गेले, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात टीसीसाठी प्रवेश अडवता येत नाही ते मोबाईलवर दाखवलं, आणि पंधरा मिनिटांत नाव दाखल झालं! तिच्या बापाला कायदा माहीत नाही आणि माहीत असता तरी मराठीत बोलणार कसा? रेशनचंही तेच, गावाकडचं कार्ड आधारला जोडलेलं असेल तर इथल्या दुकानात धान्य मिळतं पण दुकानदारापुढं कुणीतरी इथलं माणूस उभं राहावं लागतं. नेपाळहून आलेल्या वॉचमन लोकांना तर रेशनची ती सोयही नाही.

आमचा हॉल सोमवार ते शनिवार कुलपात असतो. तोच आठवड्यातनं दोन संध्याकाळी उघडला, तरुण संघातली दोन पोरं फॉर्म भरून द्यायला बसली, संडे स्कूलच्या बाईंनी या बाहेरून आलेल्यांच्या मुलांना मराठी वाचायला शिकवलं, महिन्यातनं एक उपासना हिंदीत झाली, तर खर्च फक्त लाईटबिलाचा आहे. आणि एक गोष्ट पक्की ठेवायची, येणाऱ्याला धर्म विचारायचा नाही आणि मदतीच्या बदल्यात काही मागायचं नाही, तशी मदत मला तरी ख्रिस्ती वाटत नाही.

काहीजण म्हणतात आपलीच पोरं कामाला पुण्याला चाललीत, बाहेरच्यांचं काय घेऊन बसलाय. अहो, तीच पोरं पहिल्या रविवारी तिथं मराठी चर्च शोधत फिरतात ना! आणि आपला भाग काय परक्यांना नवीन नाही. आपण कपडे घ्यायला कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला जातो, तिथं वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलंडचे सुमारे ५,००० निर्वासित राहिले, बायका-मुलंच जास्त, आणि ते गेल्यावर फाळणीत घर सोडून आलेले सिंधी लोक त्याच कॅम्पात आले आणि आज तिथंच एवढी मोठी बाजारपेठ उभी आहे. वानलेसवाडी हे नाव आपण रिक्षावाल्याला रोज सांगतो, ते डॉ. वानलेस कॅनडाचे, १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल सुरू करणारे. माझी आयुष्यभराची नर्सिंगची भाकरी त्या परक्या माणसानं सुरू केलेल्या कामातनंच आली.

२०२३ मध्ये मणिपूरची ६०,००० वर माणसं बेघर झाली तेव्हा आम्ही एका रविवारी दान गोळा केलं आणि विषय संपला. उद्या त्यातलंच एखादं कुटुंब मिरज जंक्शनला उतरलं तर कुठं जाईल याचं उत्तर आमच्या मंडळीकडं आज नाही. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीच्या पुढच्या बैठकीत मी हॉलच्या चावीचा विषय मांडणार आहे. सांगली-साताऱ्यातल्या बाकी चर्चच्या वाचकांनीही आपल्या पाळकांकडं तो काढावा ही कळकळीची विनंती.

आपली एक वाचक, मिरज