जामीन झाला, लेक सुटला नाही : मा. गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सादर नमस्कार.

मी पैनगंगेच्या काठच्या एका खेड्यातला कोरडवाहू शेतकरी. साडेतीन एकर वावर, त्यात सोयाबीन आणि पऱ्हाटी. माझा मुलगा जिल्ह्याच्या कारागृहात आहे. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणात काठ्या निघाल्या, समोरच्याचं डोकं फुटलं, चौघांवर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा लागला. माझ्या मुलाचा हात त्यात होता की नव्हता ते कोर्ट ठरवील. त्याची वकिली करायला मी बसलेलो नाही. आपला वेळ घेतोय तो गेल्या सोमवारी जे झालं त्यामुळे.

कारागृहात कैद्यांच्या लेकरांसाठी गळाभेट ठेवतात. मध्ये काच नाही, जाळी नाही, लेकरू बापाच्या मांडीवर बसतं. ज्याच्या मनात हा उपक्रम आला त्याचं भलं होवो. मागच्या मुलाखतीच्या वेळी तिथल्याच एका माणसानं नातीचं नाव लिहून घेतलं, आधारची झेरॉक्स घेतली आणि सोमवारी या म्हणाला.

नात सात वर्षांची. तिचे समोरचे दोन दात पडलेत. त्यातला एक तिनं बापाला दाखवायला काडेपेटीत जपून ठेवला होता. पहाटेची एसटी, पुढे दुसरी गाडी, अकराला आम्ही गेटवर. काडेपेटी गेटवरच काढून घेतली, नियम असेल, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. दीड तासानं नाव पुकारलं आणि सांगितलं, बाप कच्चा कैदी आहे, म्हणजे त्याचा निकाल अजून लागायचा आहे, हे शिक्षा झालेल्या पक्क्यांसाठी आहे. मी हात जोडले. मग दया म्हणून काचेची मुलाखत दिली. काच इतकी खरवडलेली की पलीकडचा चेहरा धुरातून दिसल्यासारखा. फोनचा खरखराट. नात तोंड उघडून काचेला चिकटली होती आणि तो विचारत होता, काय दाखवते, दिसत नाही बेटा. वेळ संपली. घरी येईपर्यंत पोरगी एक शब्द बोलली नाही.

साहेब, मला एवढंच कळत नाही. ज्याचा गुन्हा सिद्ध झाला त्याला गळाभेट. त्याला घरी जायला संचित रजा, अभिवचन रजा. त्याला कामाची मजुरी. 1 मे 2022 ला येरवड्यात जिव्हाळा योजना सुरू झाली, शिक्षा भोगणाऱ्याला पन्नास हजारांपर्यंत कर्ज, 7 टक्के व्याजानं. हे सगळं त्यांना मिळावंच, त्यांचीही घरं आहेत. पण ज्याला कायदा अजून निर्दोष मानतो त्या माझ्या पोराला यातलं काय? ना काम, ना मजुरी, ना रजा. साबण-मंजनासाठीसुद्धा आम्ही इकडून पैसे पाठवायचे. सूर्य मावळायच्या आत जेवण, मग मोजणी, मग बराक बंद. तारखेला कोर्टात न्यायला पोलीस गार्ड नाही म्हणून तीनदा नेलं नाही. व्हिडिओवर हजेरी, तीही लाइन लागली तर.

आणि हा पोरगा आत का आहे? सेशन कोर्टानं त्याला जामीन दिला, त्याला आज 84 दिवस झाले! पंचवीस हजारांचा जामीनदार पाहिजे, ऐपतीचा दाखला पाहिजे. माझ्या सातबाऱ्यावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा. भावाच्या सातबाऱ्यावर बँकेचा. साळ्याचा सातबारा कोरा आहे, पण तो कोर्टाच्या पायरीला घाबरतो, त्याला मी दोष देत नाही. आमच्या गावात बोजा नसलेला सातबारा शोधायला निघालो तर संध्याकाळ होते. 2025-26 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता. मी त्या हंगामात चार हजारांच्या आत विकलं, कारण वकिलाला द्यायचे होते. हमीभाव मिळत नाही म्हणून कर्ज, कर्ज म्हणून बोजा, बोजा म्हणून जामीनदार नाही, जामीनदार नाही म्हणून तुरुंग. पिकाचा भाव सरकारच्या हातात, तुरुंगही सरकारच्या हातात, मग मी कोणाच्या दारात जाऊ?

हे मी अडाणीपणानं बोलत नाही. गावातल्या एका शिकलेल्या पोरीनं मला कागद वाचून दाखवले. सुप्रीम कोर्टानं 31 जानेवारी 2023 ला सांगितलंय, जामीन मिळून सात दिवसांत कैदी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकानं गरिबांना कायद्याची मोफत मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करायचा विचार करू शकतं. त्याच वर्षी केंद्रानं गरीब कैद्यांसाठी योजना काढली, जामिनाच्या रकमेसाठी तेव्हा 40,000 रुपयांपर्यंत मदत ठरली होती. जिल्ह्यात त्यासाठी समिती असते. तिच्यात जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, कारागृहाचे अधिकारी, न्यायाधीश. 84 दिवसांत यातलं एक माणूस, एक कागद, एक फोन माझ्यापर्यंत आला नाही. खिडकीवर विचारलं तर म्हणाले, अशी योजना ऐकली नाही. त्यांनी ऐकलं नाही, आणि माझं पोरगं आत.

2022 अखेरच्या सरकारी आकड्यांत देशभरातल्या तुरुंगांत 5,73,220 कैदी होते, त्यातले 4,34,302 कच्चे. तुरुंगांची एकूण जागा 4,36,266. म्हणजे देशभराची बेरीज केली तर तुरुंगांची जवळजवळ सगळी जागा नुसत्या कच्च्या कैद्यांनीच भरेल, शिक्षा झालेल्यांना जवळपास जागाच उरत नाही. तुम्ही नवीन तुरुंग बांधायच्या गोष्टी करता. अगोदर जामीन झालेल्यांना सोडा ना!

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना 1942 च्या आंदोलनात इंग्रजांनी नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं होतं. आमच्या गावात अजून रोज संध्याकाळी त्यांची सामुदायिक प्रार्थना होते. माझा मुलगा तिथं खंजिरी वाजवायचा. आता प्रार्थनेला बसलो की मनात येतं, या वेळेला तिकडे मोजणी होऊन कुलूप लागलं असेल. मग शब्द तोंडातच राहतात.

कारागृहाच्या फाटकावर सुधारणा व पुनर्वसन असं लिहिलेलं आहे. ते माझ्या पोरासाठी नसेल तर नसू द्या. जामीन होऊन सात दिवसांच्या वर अडकलेल्या प्रत्येक कच्च्या कैद्याचं नाव कारागृहाच्या फाटकाबाहेर फळ्यावर लावा, म्हणजे आम्हा नातेवाइकांना कळेल. गरीब कैद्यांच्या योजनेचा अर्ज मुलाखतीच्या खिडकीवर मराठीत ठेवा. कच्च्या कैद्यांच्या लेकरांना गळाभेटीला घ्या. एवढ्याला नवा कायदा लागत नाही, तुमची एक सही लागते.

काडेपेटी त्या दिवशी परत मिळाली नाही. निघताना मागितली, शोधली, सापडली नाही. नात रोज विचारते. तिचा तिसरा दात हलतोय.

आपला,
एका कच्च्या कैद्याचा बाप