देवगड बंदरावरच्या काकांना, वाचनालयाकडून

ती. काका,
सा. न. वि. वि.

पैसे तुम्ही घेतले नाहीत आणि नावही कुठे घालू नकोस असं बजावलंत. नाव घालत नाही. पण आभार चारचौघांत मानणार, हे मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. शिवाय आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी वाचनालयांत, शाळांत आणि पतपेढ्यांत असेच कॉम्प्युटर आहेत. त्यांची स्क्रीन काळी पडली की मशीन सरळ भंगारात जातं. तुम्ही जे दाखवलंत ते त्यांच्यापर्यंतही पोचावं, म्हणून पत्र सविस्तर लिहिते आहे.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. लोकांना वाटतं, बंदरावर आता सगळे निवांत. तुमचं मात्र उलट. ट्रॉलर किनाऱ्याला लागले की फिश फाइंडर, जीपीएस, वायरलेस सेट असं सगळं तुमच्या टेबलावर येऊन पडतं. त्या गर्दीत, धो धो पावसात, दुकान बंद करून तुम्ही आमच्याकडे आलात. याची जाणीव आम्हा सगळ्यांना आहे.

अडचण अशी होती. गावच्या एका चाकरमानी कुटुंबाने वाचनालयाला 24 इंची मॉनिटर भेट दिला. जुनी स्थानिक साप्ताहिकं आम्ही स्कॅन करून ठेवली आहेत. ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही असे वयस्क वाचक ती या पडद्यावर मोठी करून वाचणार होते. स्क्रीनच्या केबलची सॉकेटं वेगवेगळ्या प्रकारची असतात. मॉनिटरला फक्त नवं एचडीएमआय, आमच्या मशीनच्या मागे जुनी व्हीजीए आणि डीव्हीआय. म्हणून डीव्हीआयमधून एचडीएमआयला जाणारी केबल आणली. बटण दाबलं की कंपनीचा लोगो दिसायचा, उबंटू (आमच्या मशीनवरची ऑपरेटिंग सिस्टीम) सुरू व्हायला लागलं की अंधार आणि ‘नो सिग्नल’. जुना व्हीजीए मॉनिटर लावला की सगळं ठीक. तालुक्यातल्या एका दुकानात दाखवलं, तर ग्राफिक्स मदरबोर्डवरच असतं, ते गेलं, बोर्ड बदला, असं उत्तर मिळालं. आमच्या अनुदानात तो खर्च बसणारा नव्हता.

तुम्ही मशीनला हात लावण्याआधी एवढंच विचारलंत, “गो बाय, लोगो दिसता मां? मग चित्र खंय थांबता ता आधी बघ.”

या एका प्रश्नाने अर्धं काम झालं. लोगो त्याच डीव्हीआयमधून, त्याच केबलने मॉनिटरवर येतो. म्हणजे ग्राफिक्स चिप जिवंत आहे आणि चित्राच्या तारा शाबूत आहेत. उबंटूचा ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्राम, ताबा घेतो त्या क्षणी पडदा जातो. मग तुम्ही मशीन सुरू होतानाच्या ओळीत (उबंटू चालू करून देणाऱ्या ग्रब या प्रोग्रामच्या सूचनांत) ‘नोमोडसेट’ हा शब्द टाकलात, म्हणजे तो ड्रायव्हर बाजूला राहिला. चित्र आलं. ओबडधोबड, कमी रिझोल्यूशनचं, पण आलं. बोर्ड बदलायचा प्रश्न तिथेच मिटला. त्या वेळी मला जे हायसं वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही.

दुसरं कुणी असतं तर ‘नोमोडसेट’ तसंच ठेवून निघून गेलं असतं. अक्षरं फाटलेली, पडदा ताणलेला, पण चालतंय ना! तुम्ही थांबलात. वाचायला बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना हे चालणार नाही, असं तुम्ही स्वतःहून म्हणालात, आणि या वाक्यासाठी तुमचे आभार वेगळे मानायला हवेत.

पुढचं सगळं तुम्ही मला शेजारी बसवून दाखवलंत. लग्नाआधी पत्रिका धाडतात तशी प्रत्येक स्क्रीन मशीनला आपली माहिती धाडते, असं तुम्ही म्हणालात. कोणी बनवली, किती रुंद, कोणती रिझोल्यूशन झेपतात, हे सगळं त्यात असतं. त्याला ईडीआयडी म्हणतात. 128 बाइटचा एक तुकडा, आणि आपल्या मॉनिटरचे असे दोन, म्हणजे 256 बाइट. सुरुवातीचे आठ बाइट ठरलेले: आधी शून्य, मग सहा वेळा एफएफ (म्हणजे 255), पुन्हा शून्य. प्रत्येक तुकड्यातल्या सगळ्या बाइटांची बेरीज 256 ने पूर्ण भागली गेली पाहिजे. आमच्या मशीनने वाचलेली माहिती तुम्ही उघडलीत तर मध्येच आकडे बिघडलेले, बेरीज जुळत नव्हती. कर्नलच्या, म्हणजे उबंटूच्या गाभ्याच्या, नोंदींतही तीच तक्रार लिहिलेली होती.

आमची ग्राफिक्स चिप इंटेलची, आणि तिचा ड्रायव्हर इथे फार काटेकोर. डिजिटल जोडणीवर ईडीआयडी नीट वाचता आला नाही, तर केबल लावलेली असूनसुद्धा तो ‘डिसकनेक्टेड’ धरतो आणि तिकडे चित्रच पाठवत नाही. आपल्या मशीनचा बायोस, म्हणजे बटण दाबताच चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम, तसा अडून बसत नाही, साधं ठरावीक चित्र पाठवून देतो. म्हणून लोगो दिसायचा. आणि व्हीजीए ही 1987 सालची अॅनालॉग पद्धत. तिथे माहिती नाही मिळाली तरी पलीकडे मॉनिटर आहे हे तारेवरच्या विजेच्या भारावरून ओळखता येतं. दुकानदाराला जे कोडं वाटलं त्याचा असा सगळा उलगडा झाला.

मग बॅटरी आणि भिंग घेऊन तुम्ही डीव्हीआयच्या सॉकेटात पाहिलंत. तो चोवीस पिनांचा. त्यातल्या सहा आणि सात क्रमांकांवरून ही ईडीआयडीची माहिती जाते-येते, आणि नेमके तिथले संपर्क हिरवे पडलेले. समुद्राकडची खिडकी, खारं वारं, वर्षानुवर्षं न वापरलेलं सॉकेट. होड्यांवरच्या उपकरणांत हेच रोज बघतो, असं तुम्ही म्हणालात. चित्राच्या तारेत एखादा बिट चुकला तर पडद्यावर एक ठिपका चमकून जातो, कुणाला कळतही नाही. माहितीच्या तारेत एक बिट चुकला तरी बेरीज फसते.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केल्यावर चित्र आलं, पण केबल जराशी हलली की पुन्हा गायब. मी केबलही बदलू या म्हणाले, शिवाय उबंटू नव्याने टाकू या असंही. तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी वहीत लिहून ठेवलं आहे: “एका येळाक एकच बदल. नायतर कित्यामुळे बरा झाला ता कसा कळतला?”

तुम्ही आपला लॅपटॉप थेट मॉनिटरला जोडलात, त्यातून चांगला ईडीआयडी फाइलमध्ये उतरवून घेतलात आणि आमच्या मशीनच्या फर्मवेअर फोल्डरात ठेवलात. सुरू होतानाच्या ओळीत सांगितलंत की या जोडणीसाठी माहिती तारेवरून घेऊ नको, या फाइलमधून घे. इथे दोन खाचखळगे होते. पाठीमागे सॉकेट डीव्हीआयचं असलं तरी ड्रायव्हर त्याला ‘एचडीएमआय-ए-1’ म्हणतो, त्यामुळे ओळीतही तेच नाव लागतं. आणि ड्रायव्हर इतक्या लवकर जागा होतो की डिस्क जोडली जाण्याआधीच त्याला ती फाइल हवी असते. म्हणून ती इनिट्रॅमएफएसमध्येही, म्हणजे डिस्कच्या आधी मेमरीत चढणाऱ्या छोट्या फाइलसंचातही, घालावी लागली. पहिल्यांदा ‘फाइल सापडली नाही’ असं आलं तेव्हा तुम्ही जराही वैतागला नाहीत, नोंद वाचलीत आणि पुढे गेलात. त्या धीराचं मला फार अप्रूप वाटलं.

चित्र आलं, पूर्ण 1920 बाय 1080. रात्र बरीच झाली होती, आता उठाल असं वाटलं. पण स्कॅन केलेलं पान उघडून तुम्ही म्हणालात, काळं काळं दिसत नाही, राखाडी दिसतंय. टीव्हीच्या रिवाजाप्रमाणे ड्रायव्हर रंग 16 ते 235 एवढ्याच पट्ट्यात पाठवत होता, मॉनिटरला 0 (पूर्ण काळा) ते 255 (पूर्ण पांढरा) हवे होते. ‘ब्रॉडकास्ट आरजीबी’ नावाची सेटिंग ‘फुल’ केलीत आणि शाई शाईसारखी दिसू लागली. जुन्या छपाईचं पुसट अक्षर वाचणाऱ्याला याने किती फरक पडतो ते आता मी रोज पाहते. एक निवृत्त गुरुजी तर रोज दुपारी येऊन बसतात.

जाता जाता शाळेचं मशीनही बघितलंत, तेही लिहिते. तिथे विंडोज, आणि अपडेटनंतर प्रोजेक्टर ओळखेना. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्सच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसत होतं, म्हणजे खरा ड्रायव्हर बसलेलाच नव्हता. बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलचा ड्रायव्हर घातलात आणि वर्ग सुरू झाला. मुलांनी तुम्हाला निरोप दिला आहे, प्रोजेक्टर अजून चालू आहे.

वाचनालयात आता समुद्राकडच्या खिडकीपासून मशीन आतल्या भिंतीला हलवलं आहे. रिकाम्या सॉकेटांना तुम्ही दिलेली टोपणं बसवली. ईडीआयडीची फाइल पेनड्राइव्हवर काढून कपाटात ठेवली आहे आणि ग्रबची ओळ, जोडणीच्या नावासकट, मशीनच्या बाजूला चिकटवली आहे. माझ्यानंतर येणाऱ्या ग्रंथपालालाही ती सापडेल.

कार्यकारिणीने तुमचं आजीव सभासदत्व एकमताने मंजूर केलं आहे. याला तरी नको म्हणू नका. बंदरावरच्या जुन्या बातम्या बघायच्या आहेत असं तुम्ही त्या रात्री म्हणाला होतात. त्या वर्षांचे अंक वेगळे काढून ठेवले आहेत. संध्याकाळी सातपर्यंत वाचनालय उघडं असतं, आणि तुम्ही आलात तर त्यानंतरही.

आपली,
ग्रंथपाल