घराण्याच्या दप्तराचे रुमाल सोडू नका

महोदय,

गोव्यात किंवा कोकणात जुने घर दुरुस्तीला निघाले की माळ्यावरचे, पेटाऱ्यातले कागदांचे रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले गठ्ठे, खाली येतात. मग घरातले कोणीतरी हौसेने वर्गवारी करायला बसते. पोर्तुगीज कागद एकीकडे, मोडी दुसरीकडे, हिशेब तिसरीकडे, शिक्क्याचे कागद 'सरकारी' म्हणून आणखी वेगळे. हेतू चांगला असतो, पण कसर-वाळवीनेही होत नाही एवढे नुकसान या एका दुपारी होते. अठराव्या शतकातल्या दलाल-सावकारांच्या घरात व्यापार आणि सरकारदरबार यांचे वेगळे ढीग नव्हतेच. कागद ज्या क्रमाने बांधले गेले, तो क्रम हाच त्या काळचा त्यांचा धागा होता.

पणजीच्या म्हामाय कामतांचे दप्तर हे याचे सर्वांत चांगले उदाहरण. हे घराणे गोव्यात फ्रेंचांचे दलाल होते. तंबाखू आणि अफूच्या व्यवहारांपासून सरकारी कामांपर्यंत त्यांचा पत्रव्यवहार पोर्तुगीज, फ्रेंच, मराठी आणि गुजराती अशा अनेक भाषांत चाले. हे कागद पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चकडे आले, म्हणून अभ्यासकांना पाहता आले. त्यांतल्याच पत्रांवरून १७७३ ते १७९१ या काळातला गोव्यातला फ्रेंचांचा गुलामांचा व्यापार उजेडात आला. माणसे इथून जहाजात घालून इल द फ्रान्सला, म्हणजे आजच्या मॉरिशसला नेली जात. असा कागद हाती लागला तर लाज वाटून बाजूला काढू नये. ज्यांची नावे दुसरीकडे कुठेच उरली नाहीत, त्यांचा तो एवढाच पुरावा असतो.

भाषेवार ढीग केले की काय हरवते ते हुंडीवरून, म्हणजे सावकारी पैसे देण्याच्या चिठ्ठीवरून, समजावे. हुंडी गहाळ झाली तर तिच्याऐवजी 'पेठ' लिहून देत, तीही पोचली नाही तर 'परपेठ'. पैसे चुकते झालेली हुंडी म्हणजे 'खोखा'. एकाच रकमेची हुंडी, पेठ आणि परपेठ वेगवेगळ्या ढिगांत गेली की वाचणारा तीन व्यवहार मोजतो. त्यात गोव्याचा हिशेब शेराफी या नाण्यात, पाच टांगांची एक शेराफी आणि साठ रेइशांचा एक टांगा, तर घाटावरचा हिशेब रुपयांत. बट्ट्याचा, म्हणजे नाणे बदलण्याचा, दर बहुधा सोबतच्या पत्रात असतो. पत्र दुसऱ्या ढिगात गेले की रक्कम मुकी होते.

सागरी टपालाचेही तसेच. जहाज बुडेल, पकडले जाईल या भीतीने लिस्बनला जाणारे महत्त्वाचे पत्र दोन-तीन प्रतींत वेगवेगळ्या जहाजांनी धाडत आणि वर 'पहिली विया', 'दुसरी विया' म्हणजे पहिली प्रत, दुसरी प्रत असे लिहीत. दुसरी प्रत 'नक्कल आहे' म्हणून फेकू नका. पहिली गेल्यानंतर घडलेले काही कित्येकदा तिच्या शेवटी जोडलेले सापडते.

सर्वाधिक चुका तारखांत होतात. पोर्तुगीज कारकून सप्टेंबर हा '७ब्रो' असा लिही, ऑक्टोबर '८ब्रो', नोव्हेंबर '९ब्रो', आणि डिसेंबर रोमन दहाच्या फुलीने. फ्रेंचांचीही हीच रीत. सातचा आकडा पाहून जुलै लावला की पत्र ऐन पावसाळ्यात जाऊन पडते आणि पुढची सगळी संगती ढासळते. इल द फ्रान्सच्या पत्रावर नुसते 'वर्ष ७' असेल तर ते फ्रेंच राज्यक्रांतीच्या पंचांगाचे असते, २२ सप्टेंबर १७९८ ला सुरू झालेले. मुंबईच्या इंग्रज कंपनीचे पत्र अठराव्या शतकातले पण १७५२ पूर्वीचे असेल तर ते जुन्या पंचांगाचे, म्हणून गोव्याच्या तारखेच्या ११ दिवस मागे असते. शिवाय इंग्रजांचे वर्ष तेव्हा २५ मार्चला बदले. त्यामुळे वसईच्या वेढ्याच्या दिवसांत गोव्याची ११ फेब्रुवारी १७३९ म्हणजे मुंबईची ३१ जानेवारी १७३८. साल चुकलेले नाही, ते तसेच असायचे.

मोडी पत्राचे गणित वेगळे. तिथे सुहूर सन असतो, मराठी दप्तरांतली कालगणना, आणि तो अरबी अंकशब्दांत लिहितात. 'सु॥ समान सबैन मया व अलफ' म्हणजे आठ, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण सुहूर सन ११७८. जूनच्या आरंभी मृग लागला की सुहूर वर्ष बदलते. म्हणून इसवी सन काढायला जून ते डिसेंबरच्या पत्राला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपत झाले १४ जानेवारी १७६१ ला, सुहूर ११६१ मध्ये. याच्यावर आपला हिशेब ताडून पाहावा. खरी मेख पुढे आहे. वर्ष सौर, पण 'छ' या चंद्रतारखेच्या खुणेपुढे येणारा महिना हिजरी, चांद्र. चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने वर्षाच्या आरंभीच्या दिवसांतली तारीख त्याच सुहूर वर्षाच्या शेवटी पुन्हा येऊ शकते. अशा पत्राला दोन इंग्रजी तारखा बसतात, एक जूनची, एक पुढच्या मे-जूनची. निर्णय वार, तिथी किंवा 'पै॥', म्हणजे पैवस्तीच्या (पत्र पोचल्याच्या) शेऱ्यावरूनच करावा लागतो. हा शेरा बहुधा पत्राच्या पाठीवर असतो, आणि फोटो काढणारे पाठ कोरी समजून सोडून देतात!

'॥' या खुणेनेही अनेक लिप्यंतरे बिघडली आहेत. आकड्यानंतर ती अर्धा, अक्षरानंतर ती संक्षेप. क॥ म्हणजे कसबे, त॥ म्हणजे तर्फ, रा॥ म्हणजे राजश्री. पोर्तुगीज अर्जांत तर अर्धे पान कोरे सोडलेले दिसते. ती जागा हुकुमासाठी होती. अर्ज एका हाताचा, समासातला निर्णय दुसऱ्या हाताचा. फोटोत समास कापला की अर्ज उरतो, निकाल जातो.

मूळ कागद आणि भाषांतर दोन्ही जपण्याचे महत्त्व दादरा-नगर हवेलीच्या दाव्यात जगाने पाहिले. १७७९ च्या तहानुसार पेशव्यांनी १२,००० रुपये उत्पन्नाची गावे पोर्तुगीजांना द्यायची होती. त्यासाठी १७८३ आणि १७८५ मध्ये सनदा निघाल्या. पोर्तुगालने त्यांवर सार्वभौमत्व सांगितले. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ एप्रिल १९६० च्या निकालात मराठी शब्दांकडे बोट दाखवले. दिला होता तो जहागीर किंवा सरंजामासारखा महसुलाचा उपभोग. सार्वभौमत्व पुढे इंग्रजांच्या मूक मान्यतेने आले असे धरले गेले. पावणेदोनशे वर्षांनी दोन भाषांतल्या शब्दांचा ताळा लावावा लागला, तो मराठी कागद हयात होता म्हणून लागला.

आता कागद हाताळण्याविषयी. एकाच रुमालात दोन जातींची शाई असते. मोडीची शाई काजळ आणि डिंकाची. ती शतकानुशतके काळी राहते, पण पाणी लागले की फरफटते. युरोपीय पत्रांची शाई लोह आणि माजूफळाची. ती तपकिरी पडते आणि दमट हवेत कागदच खाते, अक्षरांच्या जागी भोके पडतात. म्हणून ओल्या फडक्याने पुसू नये, सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन तर कधीच करू नये. ते पुन्हा सुटत नाही. घडी उलगडण्यापूर्वी आहे तसा फोटो घ्यावा. मऊ कुंचल्याने घडीच्या रेषेच्या दिशेने धूळ काढावी, आडवी नव्हे. शाई सुकवायला टाकलेली जुनी वाळू अजून कागदात असते, ती घासली की अक्षर खरवडते. लाखेचा शिक्का सोलू नये. क्रमांक मऊ पेन्सिलीने पाठीच्या कोपऱ्यात घालावा, आणि तो रुमालाचा व त्यातल्या जागेचा असावा, भाषेचा नव्हे. नवा मांजरपाट बांधण्याआधी धुऊन त्याची खळ काढावी, कारण कसर खळीवर येते.

दप्तर संस्थेकडे देताना पोचपावतीत रुमालांची संख्या, प्रत्येकातल्या पत्रांची संख्या आणि 'मूळ बांधणी कायम ठेवू' हे वाक्य लिहून घ्यावे. ज्या संस्थांकडे अशी दप्तरे आधीच आहेत त्यांनी सूची भाषेवार न छापता रुमालवार छापावी. विषयसूची मागाहून केव्हाही करता येते, मोडलेला क्रम परत लावता येत नाही.

आपला,
मोडी व पोर्तुगीज कागदपत्रांचा एक वाचक